कासच्या धुक्यात, ढोरवाटेनं

सप्टेंबरातला रविवार म्हणजे कास पठारावर जत्राच. यवतेश्वरचा घाट चढून येणाऱ्या गाड्यांची रांग सकाळपासूनच लागलेली असते. मी इथल्याच एका गावची सून. हंगामात संयुक्त वनव्यवस्थापन समितीतर्फे पर्यटकांना पठार दाखवते. कास, आटाळी, एकीव, कासाणी, पाटेघर, कुसुंबी या गावांतली माणसं त्या काळात इथंच असतात. कुणी तिकिटाला, कुणी पार्किंगला, कुणी शिट्टी घेऊन वाटेवर. 2012 मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत पठाराचं नाव लागलं आणि गर्दी बेसुमार वाढली. दिवसाला 3000 माणसांची मर्यादा आणि आगाऊ बुकिंग, हे सगळं त्यातूनच आलं.

त्या रविवारी सकाळी भुरभुर होती, मग लख्ख ऊन पडलं. तेरडा ऐन भरात होता, सगळा उतार गुलाबी. मधेमधे गेंदाचे पांढरे ठिपके आणि कातळाच्या ओलीत सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा पट्टा. माझ्या गटात मुंबईकडचं एक कुटुंब होतं, आई-वडील आणि आठ-नऊ वर्षांचा मुलगा. नेहमीप्रमाणं मी सगळ्या पोरांना सांगितलं होतं, "पाय फक्त उघड्या दगडावर ठेवायचा. हिरवं दिसलं की तिथं पाय नाही."

दुपारी बामणोलीच्या अंगानं धुकं वर आलं. ज्यांनी इथलं धुकं पाहिलं नाही त्यांना सांगून पटत नाही. पाच मिनिटांत शेजारचा माणूस दिसेनासा होतो. मी गट थांबवला, माणसं मोजली, तर तो मुलगा नव्हता.

आईनं हाका मारायला सुरुवात केली. तिच्याबरोबर इतर लोकही ओरडू लागले. बघताबघता तीसेक माणसं जमली. एक गृहस्थ पुढं होऊन म्हणाले, "हाताला हात धरून साखळी करू आणि सगळं पठार पिंजून काढू." माणूस मनापासून बोलत होता. मी म्हणाले, "नको. कुणीही वाट सोडू नका."

"ताई, फुलं महत्त्वाची का पोरगं?" गर्दीतून कुणीतरी विचारलंच.

प्रश्न चुकीचा नव्हता, पण उत्तर द्यायला वेळ नव्हता. मी एवढंच म्हणाले, की पठाराला कडा आहेत, धुक्यात त्या दिसत नाहीत, आणि तीस माणसं पांगली तर आम्हाला एकतीस जणांना शोधावं लागेल. शिवाय सगळे एकदम ओरडत राहिले तर पोरानं ओ दिली तरी ती ऐकू कुणाला जाणार?

फुलांचा विचार माझ्या मनात होता की नाही? होता, आणि तो असायलाच हवा असं मला वाटतं. जांभ्या कातळावर मातीचा थर कुठं चार बोटं, कुठं तेवढाही नाही. तेरडा, गेंद, सीतेची आसवं, कवला (ज्याला पर्यटक मिकी माउस म्हणतात) ही सगळी एका पावसाळ्याची झाडं. यंदाचं बी गळून पडलं तरच पुढच्या वर्षी फूल. बी धरायच्या आधी एखादा पट्टा तुडवला, की पुढच्या भाद्रपदात तिथं चिखल वाळलेला दिसतो. असे पट्टे मी पाहिलेत, त्यामुळं साखळीची कल्पना ऐकूनच पोटात गोळा आला होता. पण पोराला शोधायचा तो मार्गच नव्हता, ही पहिली गोष्ट.

मी शिट्टी वाजवून पुढच्या माणसाला खूण केली, त्यानं त्याच्या पुढच्याला, आणि निरोप गेला तो आबांपर्यंत. आबा माझे चुलत सासरे. उभा जन्म या पठारावर म्हशी राखण्यात गेला. हंगामात तेही समितीच्या कामावर असतात, पण काठी आणि घोंगडी सुटलेली नाही.

आले ते धावत नव्हते. पोराच्या आईजवळ उभे राहून म्हणाले, "बाई, रडू नगा. पोरगं शेवटाला कुठं हुतं, तेवढं दावा." तिनं जागा दाखवली. आबांनी तोंड वाऱ्याकडं केलं, मग पाठ केली. "लेकरू वाऱ्याला पाठ देतंय. गुरंबी तशीच चालत्यात. आन् तेरड्यात कोन शिरंल? मांडीपतूर भिजतंय. पायाला उघडा कातळ गावला की समदी त्याच्यावरनंच जात्यात."

आणि ते ढोरवाटेला लागले. मी मागोमाग. ही वाट पर्यटकांना दिसत नाही, फुलांमधून जाणारी दगडाची फिकट रेघ असते नुसती. दर काही पावलांनी आबा हात वर करायचे, मी एकच शिट्टी द्यायची, मग दोघांनी गप्प उभं राहून कान द्यायचा. मागं सगळी माणसं वाटेवर चिडीचूप उभी होती. त्यांचे आभार मी आजही मानते, कारण गप्प उभं राहणं हे शोधण्यापेक्षा अवघड असतं.

कातळातल्या एका उथळ डबक्याशी आबा वाकले. डबक्यात वायतुरा उभा होता, दोन फाट्यांचा तो तुरा, जो साताऱ्याच्या आसपासच्या सड्यांवर, म्हणजे सपाट कातळमाळांवर, अशाच पाण्यात उगवतो. काठाला दवबिंदू या किडे खाणाऱ्या झाडाची बोटभर रोपं, पानांवरच्या चिकट थेंबात एक चिलट अडकलेलं. त्यांच्या बाजूला, दगडावरच्या चिखलात, लहान बुटाचा ठसा. नक्षी अजून ताजी. आबांनी तो काठीनं दाखवला आणि हसले. ठसा दवबिंदूला वळसा घालून गेला होता.

पुढच्या शिट्टीला ओ आली. मोठ्या धोंड्याच्या आडोशाला पोरगं बसलेलं, ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. आबांनी घोंगडीत गुंडाळून खांद्यावर घेतलं. मला बघून त्याचं पहिलं वाक्य, "मी हिरव्यावर नाही गेलो." त्या वाक्यानं मला रडू आलं. आजवर कितीतरी पोरांना मी तेच सांगितलंय आणि किती जणांपर्यंत ते पोचतं ते कळायला मार्ग नसतो.

मुलगा आईच्या कुशीत गेल्यावर चर्चा सुरू झाली. एक जण म्हणाले, "कुंपण होतं तेच बरं होतं, कशाला काढलं?" हे मला अजूनही अधूनमधून ऐकावं लागतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. गर्दी वाढल्यावर पठाराला लोखंडी जाळी ठोकली होती. हेतू चांगला होता. पण जाळीनं माणसांबरोबर गुरंही बाहेर राहिली. चरणं थांबलं, गवत माजलं, आणि उंच गवताच्या सावलीत बोटभर उंचीच्या फुलांना ऊन मिळेना. म्हातारी माणसं हे आधीपासून सांगत होती, "म्हस फिरली तर फूल फुलतंय." पुढं जाळी निघाली. त्या रविवारी आम्ही ज्या वाटेनं गेलो ती गुरांच्या खुरांनी राखलेली वाट होती आणि ती ओळखणारा माणूस म्हशींमागं हिंडलेला होता. जंगल लोकांसाठी उघडावं की बंद ठेवावं यावर शहरात बरंच बोललं जातं. माझं म्हणणं, उघडा, जरूर उघडा, पण दारात त्या जागेवर आयुष्य काढलेली माणसं उभी करा आणि त्यांना त्या कामाचा मोबदला द्या.

सोमवारी आम्ही मंडळी बसलो आणि दोन गोष्टी ठरवल्या. धुकं उतरलं की सगळे गट असतील तिथंच थांबवायचे. आणि आबांसारख्या जुन्या गुराख्यांनी हंगामाआधी आम्हा नव्या पोरा-सुनांना ढोरवाटा चालवून दाखवायच्या, पावसात, धुक्यात, जशा असतील तशा. आबांनी अट घातली, "चप्पल घालून कुणी यायचं न्हाय. तळव्याला कातळ कळला पायजे." आम्ही गेलो, अनवाणी.