मागच्या भिंतीमागचं पाणी सापडलं

मंडळी, उतारात खणून काढलेल्या आमच्या खोलीचं छप्पर कोरडं आहे. हे आधी सांगतो, कारण मागच्या खेपेला बहुतेकांना त्याचीच धास्ती होती. मृग चांगला लागला, आर्द्रांनी तर झोडपून काढलं. वाशांवरची फूटभर माती भिजून जड झाली, तरी आत थेंब नाही. साडेदहा चौरस मीटरवर ओल्या मातीचं ते ओझं सहा टनांच्या घरात जातं. मधल्या तुळईला लावलेला ओळंबा जागचा हललेला नाही. ऐनाचं लाकूड घ्या असं ज्यांनी सांगितलं, त्यांचे मनापासून आभार.

पण मागची भिंत पोटातून फुगली. जमिनीपासून तिसरा थर बोटभर पुढे आला आणि सांध्यांतून पांढरट गाळ ओघळायला लागला. गेले सगळे दिवस त्यातच गेले, म्हणून हा अहवालही बहुतेक त्याचाच.

नवीन मंडळींसाठी जमिनीची रचना थोडक्यात. आमचं वरकस रान राजापूरच्या सड्याखालच्या, म्हणजे जांभ्याच्या सपाट पठाराखालच्या, उतारावर आहे. वरचा दीड मीटर जांभा. ताजा असतो तोवर पिकावाला ऐकतो, उघडा पडला की कडक होतो. कंपनीच्या अमलातला सर्वेक्षक फ्रान्सिस बुकानन १८०७ मध्ये मलबारच्या याच दगडाबद्दल लिहून गेला की लोखंडी हत्याराने सहज कापला जातो आणि हवा लागली की विटेसारखा होतो. बाजूच्या दोन्ही भिंतींनी अगदी तसंच केलं. त्यांना चिरा, म्हणजे जांभ्याचा घडवलेला ठोकळा, लावावासुद्धा लागला नाही. जांभ्याखाली मात्र पांढरी-गुलाबी मऊ चिकणमाती आहे. कोरडी असताना ती नखाने खरवडावी लागते, भिजली की लोण्यासारखी बसते. खोलीचा तळ मागच्या बाजूने २.२ मीटर खोल आहे, म्हणजे मागच्या भिंतीचा खालचा ७० सेंटिमीटरचा भाग या मातीला टेकून उभा आहे.

भिंतीमागे कपच्यांचा भराव घालताना त्यात दीड इंची पाईप उभी सोडली होती. मागचं पाणी मोजायला हा सगळ्यात स्वस्त उपाय, प्रत्येकाने सोडाच. तिच्यात काठी घातली तर पाणी तळापासून १.४ मीटर चढलेलं. हिशेब करा. तळाशी दर चौरस मीटरला १.४ टन दाब, आणि भिंतीच्या प्रत्येक मीटर लांबीवर जवळजवळ एक टन रेटा. तीन मीटरच्या भिंतीवर तीन टन, तेही फक्त पाण्याचे. नऊ इंची चिऱ्याची भिंत हे पेलत नाही.

प्रश्न असा की पाणी येतं कुठून? गडग्याच्या (दगडी बांधाच्या) वरच्या अंगाला पावसाचा चर आहेच, तो व्यवस्थित वाहतो. छपरावरच्या मातीखालचं पॉलिथिनही भिंतीमागे दीड मीटर पुढे नेलंय. तेव्हा मिठाची परीक्षा घेतली. खोलीच्या वर सहा मीटरवर पहारीने जांभ्याला भोक पाडलं, त्यात पाच किलो खडेमीठ विरघळवून ओतलं आणि सांध्यातून गळणारं पाणी टीडीएस पेनने, म्हणजे विरघळलेले क्षार दाखवणाऱ्या यंत्राने, मोजत बसलो. आकडा साठच्या आसपास होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो चढायला लागला आणि संध्याकाळी तिनशेच्या वर गेला! इतका आनंद छप्पर चढलं तेव्हाही झाला नव्हता. पाणी पृष्ठभागावरचं नाही. सड्यावर पडलेला पाऊस जांभ्याच्या भोकांतून खाली उतरतो, चिकणमातीवर अडतो आणि दोन्हींच्या सांध्यावरून उताराकडे धावतो. आमची खोली बरोबर त्या वाटेत उभी आहे.

एकदा हे कळलं की भिंतीला लेप, रसायन, सिमेंट या सगळ्या चर्चा संपल्या. आतून लेप लावला असता तर मागचं पाणी आणखी चढलं असतं. भिंतीला दोन आडवे टेकू दिले, बाहेर माणूस उभा केला आणि सर्वांत खालच्या थरातले तीन चिरे काढले. पाणी बदाबदा आलं. तासाभरात पाईपमधली पातळी १.४ वरून ०.३ मीटरवर उतरली आणि फुगवटा थांबला.

मग दुसरंच संकट दिसलं. येणारं पाणी दुधासारखं होतं. म्हणजे मागची माती वाहून येत होती, आणि असं चालू राहिलं तर भिंतीमागे पोकळी होऊन वरचा जांभा बसला असता. शेजारच्या आप्पांची हयात विहिरी खणण्यात गेली. ते बघायला आले आणि म्हणाले, "पाणी येऊ दे रे, माती येता नये." याच जातीच्या मातीने आणि पाण्याने कोकण रेल्वेला पेडण्याच्या बोगद्यात जेरीला आणलं होतं, १९९८ मध्ये पूर्ण मार्ग सुरू झाला त्याआधीची वर्षं तिथेच अडली, आणि जुलै २०२४ मध्येही तिथे पाणी उसळून गाड्या वळवाव्या लागल्या. त्यांच्याकडे यंत्रं होती, आमच्याकडे घमेलं आहे. तेव्हा गाळणी नीट करणं भागच.

जिओटेक्स्टाइल, म्हणजे माती अडवून पाणी सोडणारं कापड, मागवायला वेळ नव्हता. नारळाचा काथ्या घट्ट दाबून भोकांत बसवला, त्यावर वाळू, मग बारीक खडी, मग जाड खडी. रोज सकाळी काचेच्या बाटलीत पाणी धरून ठेवतो आणि तळाशी किती गाळ बसतो ते पाहतो. सुरुवातीला बोटभर, आता नुसती पुसट रेघ. काथ्या दोन-तीन पावसाळ्यांत कुजेल, पण तोवर कायमची सोय होईल.

कायमची सोय म्हणजे दिवाळीनंतर खोलीच्या वरच्या अंगाला चिकणमातीत उतरेल इतका खोल चर, असं ठरवलं होतं. पण हे लिहिता लिहिता वाटतंय की तसं नकोच. दोन मीटर खोल अरुंद चरात एकट्याने उतरणं मला पसंत नाही. कासरगोड आणि दक्षिण कन्नडमध्ये जांभ्यात आडवे सुरंग खणून पाणी बाहेर काढतात. तिथल्या अमै महालिंग नाईकांनी असे सुरंग एकट्याने हाताने खणले. आधीचे कोरडे गेले तरी थांबले नाहीत, आणि २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मग सांध्याच्या पातळीवर आतूनच दोन इंची आडवी भोकं घेऊन, भोकं पाडलेल्या पीव्हीसी पाईप काथ्यात गुंडाळून का सरकवू नयेत? उतार शंभराला एक. पाणी जमिनीखालच्या पाटाने दाराबाहेर, आणि तिथून टाक्यात. पौषात ते कलमांना घालता येईल. मागच्या भिंतीत कोनाडा करायचा होता, तो रद्द. झोपायचा ओटाही पश्चिमेच्या भिंतीकडे नेतो.

हत्यारांबद्दल: टाटा अ‍ॅग्रिकोचा पिकाव अजून टोक राखून आहे, दांडा मात्र बाभळीचा बसवून घ्या. पॉलिथिन घेताना मायक्रोमीटरने जाडी मोजा. ५०० मायक्रॉन म्हणून एका दुकानाने दिलेली गुंडाळी ३०० भरली. छपरावर चालली, कारण दुहेरी घातली होती.

आणि जागा कुणाची असं पुन्हा विचारलं गेलंय म्हणून: हे सगळं मालकीच्या जागेत आहे. राखीव वनात कुदळ लावू नका, आणि स्वतःच्या रानातलं झाड तोडण्याआधीही १९६४च्या वृक्षतोड कायद्याखाली परवानगी लागते का ते बघा. माझे वासे वखारीतून पावतीसकट घेतलेले आहेत.

कणकवली-सावंतवाडीकडे कुणाकडे दोन इंची हात-ऑगर (हाताने फिरवून जमिनीत भोक पाडायचं गिरमिट) असेल, तीन मीटरपर्यंत जोड लागणारा, तर कार्तिकात पंधरवड्यासाठी हवा आहे. भाडं आणि नेआण माझ्याकडे.