मेंदूचा डिफ्युजन एमआरआय आणि अर्ध्या मिनिटाचा उलटा स्कॅन: माझा अनुभव

थ्री टेस्लाच्या मशीनवर मेंदूचा संशोधनाचा प्रोटोकॉल बसवताना टी-वनसाठी, म्हणजे मेंदूची रचना दाखवणाऱ्या नेहमीच्या चित्रासाठी, कोणाला रडावं लागत नाही. १ मिमी आयसोट्रॉपिक (तिन्ही बाजूंना सारखं) एमपीरेज, म्हणजे टी-वनचा रुळलेला सीक्वेन्स, टीआर २३००, टीआय ९०० मिलिसेकंद, फ्लिप अँगल ९ अंश. हे आकडे रुळलेले आहेत, टाकले की चित्र येतं. फ्लेअरचंही (मेंदूभोवतालचं पाणी काळं करून घेतलेलं चित्र) तसंच. डिफ्युजनचा, म्हणजे मेंदूतलं पाणी कुठल्या दिशेने पसरतं ते मोजणारा मुख्य स्कॅन (२ मिमी, बी-व्हॅल्यू म्हणजे त्या मोजणीची तीव्रता १०००, ६४ दिशा आणि मध्ये मध्ये पेरलेले बी-झीरो, म्हणजे ती तीव्रता शून्य ठेवून घेतलेली चित्रं), हाही लांबलचक असला तरी गुणी आहे. माझं डोकं उठवलं ते त्याच्या जोडीला घ्यायच्या उलट्या दिशेच्या बी-झीरो स्कॅनने. जेमतेम अर्ध्या मिनिटाचं काम, आणि सगळं घोडं तिथेच अडतं.

प्रोटोकॉल लॉक केलेला असल्यामुळे तो घुसवायलाही फॉर्म भरावा लागला. त्यात ‘वाढीव वेळ, मिनिटांत’ असा रकाना. तिथे ‘अर्धं’ लिहिलं तर ‘पूर्णांकात भरावे’ असा शेरा मारून फॉर्म परत. एक लिहिलं, मंजूर झालं. असो.

हा स्कॅन लागतो कशाला, ते आकड्यांत पाहू. डिफ्युजनचं चित्र ईपीआयने, म्हणजे अख्खी स्लाइस एका दमात वाचणाऱ्या पद्धतीने घेतात, आणि ईपीआय फेज एन्कोडिंगच्या दिशेने (ज्या दिशेने ओळीमागून ओळ भरत जाते ती) फार हळू चालतं. एफओव्ही (चित्राची रुंदी) २२० मिमी, मॅट्रिक्स (त्या रुंदीतले पिक्सेल) ११० आणि इको स्पेसिंग (दोन ओळींमधला वेळ) ०.७ मिलिसेकंद धरा. अख्खं वाचन ७७ मिलिसेकंदांचं, म्हणजे त्या दिशेला एका पिक्सेलच्या वाट्याला १३ हर्ट्झ. नाकामागच्या सायनसमध्ये आणि कानाच्या हाडात हवा असते. तिच्यामुळे कपाळाच्या तळाशी आणि टेम्पोरल लोबच्या खालच्या भागात चुंबकीय क्षेत्र १०० हर्ट्झने सहज ढळतं. तेवढ्याने मेंदूचा तो भाग साडेसात पिक्सेल, म्हणजे १५ मिमी सरकलेला दिसतो. ग्रापा २ (दोनपैकी एकच ओळ वाचून उरलेली गणिताने भरणं) लावलं की इको स्पेसिंग प्रभावी अर्थाने ०.३५ होतं आणि सरकणं निम्म्यावर येतं, पण संपत नाही. ग्रापा ३ वर नेलं तर मधल्या भागात गोंगाट इतका वाढतो की हिशोब तोट्यात जातो.

म्हणून एक स्कॅन पुढून मागे, दुसरा मागून पुढे. एकात जे दबतं ते दुसऱ्यात ताणलं जातं, आणि एफएसएल या सॉफ्टवेअरमधलं टॉपअप दोन्हींची तुलना करून क्षेत्राचा नकाशा काढतं. अट एकच: दिशा सोडून बाकी सगळं तंतोतंत सारखं हवं. या ‘बाकी सगळं’मध्येच कन्सोल हात घालतो.

पहिली खोड भूमितीची. दुसऱ्या स्कॅनला पहिल्याच स्लाइस मिळाव्यात म्हणून आपण पहिल्यावरून कॉपी करायला सांगतो. आमच्या कन्सोलवर उलटी दिशा ही स्लाइसच्या प्रतलातलं १८० अंशांचं फिरणं म्हणून साठवलेली असते. त्यामुळे स्लाइसची पूर्ण माहिती कॉपी केली की ते फिरणंही पुसलं जातं आणि उलटा स्कॅन निमूटपणे सुलटा होऊन बसतो. कुठेही लाल अक्षर नाही, इशारा नाही. सीरिजचं नाव मात्र ‘पीए’च (मागून पुढे) राहतं, कारण नाव आपण टाइप केलेलं असतं. उपाय दोन. एक तर कॉपी करताना फक्त स्लाइस-गटाचा मध्य घ्यायचा पर्याय निवडा आणि कल स्वतः जुळवून पाहा. नाहीतर सीक्वेन्समध्ये ध्रुवता (दिशेचं चिन्ह) उलटवायची टिकखूण असेल तर सगळं कॉपी करून फक्त ती खूण करा. मिनेसोटा विद्यापीठाच्या सीएमआरआर या संशोधन केंद्राच्या मल्टीबँड (एका वेळी अनेक स्लाइस घेणाऱ्या) सीक्वेन्समध्ये ती आहे, आणि मला तोच मार्ग पटतो.

खात्री मात्र पेशंट टेबलवर असतानाच करायची. दोन्ही बी-झीरो एकाच खिडकीत उघडा, डोळ्यांच्या पातळीच्या जरा वरची स्लाइस घ्या आणि आलटून पालटून दाखवा. कपाळाकडचा काठ पुढे-मागे उडी मारताना दिसला पाहिजे. एकीत तिथे चमकदार, दाटलेली पट्टी असते, दुसरीत तोच भाग फिका आणि ओढल्यासारखा. दोन्ही चित्रं शांत बसली तर दिशा एकच आहे. पुन्हा घ्या.

दुसरी खोड शिमची, म्हणजे चुंबकीय क्षेत्र एकसारखं करणाऱ्या जुळणीची, आणि ही जास्त छळते, कारण ती डोळ्यांना दिसतच नाही. शिमची चौकट जरा जरी हलली तरी मशीन दुसऱ्या स्कॅनआधी नव्याने शिम करतं. मग दोन चित्रांतलं क्षेत्रच वेगळं झालं, आणि टॉपअप तर दोन्हीकडे एकच क्षेत्र धरून चालतं. ते कुरकुर न करता उत्तर देतं, पण दुरुस्त चित्र टी-वनवर ठेवलं की ब्रेनस्टेमचा काठ जुळत नाही. म्हणून भूमितीबरोबर अ‍ॅडजस्ट व्हॉल्यूमही (तीच शिमची चौकट) कॉपी करा. मागाहून तपासायचं तर डीसीएम-टू-एनआयआयएक्स या सॉफ्टवेअरने मशीनच्या डायकॉम फाइलींचं रूप बदलताना स्कॅनच्या नोंदींची जी जेसन फाइल तयार होते, तिच्यात आमच्या मशीनच्या डेटासाठी शिमचे आठ आकडे असतात. दोन्ही फाइलींत ते आठही सारखे हवेत. त्याच फाइलीत फेज एन्कोडिंगची दिशा ‘जे’ की ‘जे वजा’ तेही दिसतं. काही मशीनच्या डायकॉममध्ये दिशेची ध्रुवता नोंदलेलीच नसते. तिथे कन्सोलवर पाहून कागदावर लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

आता रीडआउट टाइम, म्हणजे टॉपअपला सांगावा लागणारा वाचनाचा वेळ. यावरून लोक विनाकारण हैराण होतात. जोडीतले दोन्ही स्कॅन आणि मुख्य डिफ्युजन यांचं रीडआउट सारखंच असेल तर तो आकडा चुकला तरी दुरुस्ती तीच येते, फक्त हर्ट्झमधला नकाशा त्या पटीत चुकतो. दिशेच्या चिन्हांचंही तसंच: टॉपअपला द्यायच्या फाइलीतल्या दोन्ही ओळींत अदलाबदल झाली तर चालतं, पण एकच चिन्ह दोनदा पडलं तर मात्र खेळ खलास. आकडा अचूक लागतो तो याच नकाशाने वेगळ्या रीडआउटचा एफएमआरआय (मेंदूचं काम दाखवणारा स्कॅन) सुधारताना. तेव्हा मॅट्रिक्समधून एक वजा करून प्रभावी इको स्पेसिंगने गुणा: १०९ गुणिले ०.३५, म्हणजे ०.०३८१५ सेकंद. छापील प्रोटोकॉलवर ०.७ असतं, ते ग्रापाने भागलेलं नसतं.

एफएमआरआयचं निघालंच आहे तर, ग्रेडियंट इकोमध्ये (एफएमआरआय ज्या पद्धतीने घेतात तिच्यात) सायनसच्या वर जो सिग्नल उडून काळं पडतं ते टॉपअप परत आणत नाही. सरकलेलं जागेवर येतं, उडालेलं नाही. त्यासाठी स्लाइस पातळ करा, कल बदलून पाहा.

स्लाइसची संख्या सम ठेवा. ७२ चालतात, ७१ ला टॉपअपची नेहमीची कॉन्फिगरेशन फाइल अडते, कारण ती चित्र निम्मं करून काम सुरू करते. सबसॅम्पलिंग १ असलेली फाइल वापरता येते, पण ती हळू चालते.

उलटा स्कॅन सेशनच्या शेवटी ढकलू नका, डिफ्युजनला चिकटूनच घ्या, शक्यतो आधी. डिफ्युजनचे ग्रेडियंट मशीन तापवतात आणि फ्रीक्वेन्सी हळूहळू ढळते. त्याची खूण म्हणजे फॅट सॅचुरेशन (चरबीचा सिग्नल दाबणं) सुटत जातं. थ्री टेस्लावर चरबी पाण्यापासून सुमारे ४४० हर्ट्झ दूर असते. वरच्या ग्रापाच्या हिशोबाने ती १७ पिक्सेल सरकते आणि डोक्याच्या कातडीखालच्या चरबीची फिकट कमान मेंदूवर येऊन पडते. अशी कमान दिसली की मधेच फ्रीक्वेन्सी पुन्हा जुळवा.

दोन स्कॅनच्या मध्ये इंटरकॉमवर ‘ठीक आहात ना?’ विचारू नका. पेशंट मान हलवून हो म्हणतो.

आणि दातांना स्टीलच्या तारा असतील तर आधीच विचारून घ्या. तिथला विस्कोट इतका मोठा असतो की उलटा स्कॅन कितीही नीट घेतला तरी कपाळाचा तळ हाती लागत नाही.