तुम्ही विचारलंत म्हणून: चिंबोऱ्या धरायला किती उजेडाची बॅटरी घ्यावी?

मे महिना सरत आला की भाचरांचे, त्यांच्या मित्रांचे, ऑफिसातल्या मुलांचे निरोप सुरू होतात. "मावशी, यंदा चिंबोऱ्या धरायला आम्ही पण येणार. बॅटरी कोणती घेऊ? दुकानदार म्हणतो, हजार ल्युमेनची तरी घ्याच. पुरेल ना?"

पुरेल कसली, जास्तच होईल. ओढ्यावर चिंबोऱ्या, म्हणजे खेकडे, धरायला २०० ते ४०० ल्युमेनचा, पसरट, किंचित पिवळसर उजेड हवा. तो तीन-चार तास टिकायला हवा आणि बॅटरी पाण्यात पडली तरी विझायला नको. सोबत खिशात दुसरी छोटी बॅटरी. माझं उत्तर एवढंच आहे. पण दरवर्षी कोणी ना कोणी हातात सर्चलाइट घेऊन उभं राहतं, म्हणून कारणं एकदा नीट सांगते.

आमचं गाव रायगडात, सह्याद्रीच्या पायथ्याशी. मृगाचे पहिले दोन-चार पाऊस जोरात झाले, बिळांत पाणी शिरलं, की चिंबोऱ्या रात्री बाहेर पडतात. शेताच्या बांधावर, ओहोळाच्या काठच्या दगडांवर, पायवाटेच्या चिखलात. सिंधुदुर्गात गेलात तर यांनाच कुर्ल्या म्हणतील. या खाडीतल्या नव्हेत, गोड्या पाण्यातल्या. अंगाने काळपट-तपकिरी, थेट ओल्या कातळाच्या रंगाच्या. जाळं नाही, गळ नाही, वाकायचं आणि हाताने धरायचं. म्हणजे चिंबोरी दिसते तेव्हा ती तुमच्यापासून दोन ते पाच मीटरवर असते. शंभर मीटरवरचा दगड उजळून तुम्हाला काय मिळणार? बॅटरी निवडताना आधी हे अंतर डोक्यात पक्कं धरा, बाकीचं सगळं त्यावरून ठरतं.

खोक्यावर साधारण दोन आकडे मोठ्या अक्षरांत असतात, ल्युमेन आणि मीटर. ल्युमेन म्हणजे बॅटरीतून बाहेर पडणारा एकूण उजेड. तो एकवटून लांब फेकलाय की जवळ पसरवलाय, हे त्यावरून कळत नाही. ते कळतं कॅन्डेलावरून, म्हणजे झोताच्या मध्यावर उजेड किती तीव्र आहे त्यावरून. मीटरचा आकडा चांगल्या कंपन्या एका ठरलेल्या मानकाप्रमाणे देतात: जिथे उजेड पाव लक्सपर्यंत उतरतो ते अंतर. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर प्रत्यक्ष पडणारा उजेड मोजायचं माप. पाव लक्स म्हणजे स्वच्छ आकाशातल्या पौर्णिमेच्या चांदण्याएवढा. तेव्हा '३०० मीटर' छापलं असेल तर ३०० मीटरवर नुसतं चांदणं पडल्यासारखं दिसेल, एवढाच त्याचा अर्थ.

कॅन्डेला छापलेले नसले तरी काढता येतात. मीटरचा आकडा निम्मा करा आणि त्याचा वर्ग करा. ३०० मीटरच्या बॅटरीचे २२,५०० येतील, १०० मीटरच्या बॅटरीचे २,५००. आता चिंबोरी पाच मीटरवर आहे असं धरा. उजेड अंतराच्या वर्गाने उतरतो, म्हणून पाचाच्या वर्गाने, २५ ने भागायचं. पहिल्या बॅटरीचा तिथे ९०० लक्स उजेड पडतो, दुसरीचा १०० लक्स. शंभर लक्स म्हणजे घरातल्या साध्या दिव्याखाली, ज्यात तांदूळ निवडता येतात, साधारण तेवढा. चिंबोरी दिसायला तो भरपूर आहे.

मग ९०० लक्स पडले तर बिघडलं काय, असं विचाराल. बिघडतं ते पावसामुळे. ओल्या कातळावर जोरदार झोत मारला की कातळ चकाकतो, आणि ज्या ओल्या चकाकीत दगड हरवतो त्याच चकाकीत चिंबोरीची पाठही हरवते. पाण्यावर मारला तर पृष्ठभाग आरशासारखा उजेड परत फेकतो, तळ दिसतच नाही. आणि त्या रात्री हवेत धुकं किंवा बारीक पाऊस असतोच. प्रत्येक थेंब थोडा थोडा उजेड तुमच्या डोळ्यांत परत टाकतो. बॅटरी जितकी जोरदार, तितका समोरचा पांढरा पडदा दाट. काही लोक सांगतात की पिवळा उजेड धुकं भेदतो. तसं होत नाही. धुक्याचे थेंब उजेडाच्या लहरींपेक्षा इतके मोठे असतात की रंगाने फारसा फरक पडत नाही. पिवळसर उजेड घ्यायचं कारण वेगळं आहे. निळसर पांढऱ्या उजेडात चिखल, पालापाचोळा, चिंबोरी सगळं एकाच राखाडी रंगाचं दिसतं. ४००० केल्विनच्या (उजेड पिवळसर की निळसर, ते सांगणारा आकडा) आसपासचा आणि सीआरआय (रंग किती खरे दिसतात, त्याचा शंभरपैकी आकडा) ९० च्या पुढचा उजेड असेल तर तपकिरीतला तपकिरी वेगळा ओळखू येतो. खोक्यावर हे दोन आकडे फार थोडे लोक बघतात. मी आधी तेच बघते.

डोळ्यांचाही विचार करा. अंधारात बघणाऱ्या पेशींमधलं रंगद्रव्य प्रखर उजेडाने नाहीसं होतं आणि ते पुरतं भरून यायला वीस ते तीस मिनिटं लागतात. तुम्ही हजार ल्युमेन समोरच्या दगडावर मारले आणि तो उजेड परत डोळ्यांत आला, की झोताच्या बाहेरचं जग तुमच्यापुरतं संपलं. बांधाची कड कुठे आहे, पाणी कुठवर चढलंय, सोबतचं पोर कुठे उभं आहे, काही दिसत नाही. आमच्याकडची जुनी माणसं दोन-तीन सेलच्या पिवळ्या बॅटरीवर रात्र काढत. तिचा उजेड शंभर ल्युमेनच्या कितीतरी खाली असे. त्याआधी चुडी होत्या. त्यांना दिसत होतं, कारण डोळे अंधाराला सरावलेले राहत. म्हणून दुसऱ्याच्या तोंडावर बॅटरी मारू नका, हे मी मुलांना निघण्याआधीच बजावते.

डोक्याला बांधायची घेऊ की हातातली, हाही प्रश्न ठरलेला. डोक्याची बॅटरी चढण-उतार करताना उत्तम, दोन्ही हात मोकळे राहतात. शोधताना मात्र ती अडचण करते. पावसाचे थेंब अगदी डोळ्यांसमोर उजळतात, किडे तोंडावर येतात, आणि मुख्य म्हणजे उजेड आणि नजर एकाच रेषेत असल्याने सावली दिसत नाही. आमच्या काकू बॅटरी गुडघ्याजवळ धरतात, जमिनीला जवळजवळ समांतर, आणि काठाकाठाने सावकाश फिरवतात. तशा तिरप्या उजेडात दगडाची सावली गोल पडते आणि चिंबोरीची मात्र फेंगड्या पायांची, दोन नांग्या पुढे काढलेली. त्या सावली बघतात, चिंबोरी नाही. दिसली की झोताचा मधला गोळा तिच्यावर नेत नाहीत, बाजूला वळवतात आणि कडेच्या मंद उजेडात तिला ठेवतात. थेट झोत पडला की पुष्कळशा चिंबोऱ्या सरकन बिळात नाहीतर कपारीत शिरतात; कडेच्या उजेडात त्या बसून राहतात. तेवढ्यात दुसऱ्याने मागून येऊन पाठ दाबायची आणि नांग्या पोचणार नाहीत अशी मागच्या बाजूने उचलायची. हे काम दोघांचं आहे, एकाने बॅटरी धरायची, एकाने चिंबोरी. पसरट झोत हवा म्हणते तो यासाठीच, त्याला कड रुंद असते.

उचलली की उलटी करून पोट बघा. पट्टा अरुंद आणि निमुळता असेल तर नर, रुंद असेल तर मादी. मादीच्या पट्ट्याखाली अंडी किंवा वाटाण्याहून लहान पिल्लं चिकटलेली असतील तर तिला होती तिथे सोडायचं. गोड्या पाण्यातल्या खेकड्यांची पिल्लं आईच्या पोटाखालीच अंड्यातून बाहेर येतात आणि काही दिवस तिथेच राहतात. अशी एक मादी पिशवीत गेली तर तिची पुढची सगळी पिढी जाते. हे बघायलाही खरा रंग दाखवणारा, डोळे न दिपवणारा उजेडच लागतो.

आता सेल. बाजारात '१०,००० ल्युमेन' आणि '९९०० एमएएच' (सेलमध्ये वीज किती साठते, त्याचं माप) छापलेल्या स्वस्त बॅटऱ्या ढिगाने मिळतात. अशा बॅटऱ्यांत बहुधा १८६५० सेल असतो, म्हणजे १८ मिलिमीटर जाडीचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा लिथियम सेल. त्यात चांगल्यातला चांगला सेल ३५०० एमएएच किंवा त्याहून थोडा वर जातो. ९९०० छापलेला आकडा खोटा, त्यावर वेळ घालवू नका. ३५०० एमएएच गुणिले ३.६ व्होल्ट म्हणजे साडेबारा वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा. एलईडी बॅटरी एका वॉटमागे ढोबळमानाने शंभर ल्युमेन देते. म्हणजे ३०० ल्युमेनवर चार तास, हजारावर सव्वा तास, आणि दहा हजार ल्युमेन खरंच दिले असते तर सात-आठ मिनिटं. तेवढ्यात ती हातात धरवणार नाही इतकी तापली असती. चांगली बॅटरीसुद्धा सर्वांत वरच्या उजेडावर काही मिनिटांतच तापते आणि आपोआप खाली उतरते. म्हणून खोक्यावरचा सर्वांत मोठा आकडा सोडून मधल्या उजेडापुढे किती तास लिहिलेत, ते वाचा. तुमची रात्र त्यावर निघणार आहे.

पाण्याचं थोडक्यात. बॅटरी पाणी किती अडवते ते खोक्यावरचा आयपीएक्स आकडा सांगतो. आयपीएक्स ४ म्हणजे नुसते शिंतोडे चालतील. आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास. ७ च्या खालची घेऊ नका. झाकणाच्या आट्यांजवळची रबरी कडी वर्षातून एकदा काढून पुसा, किंचित सिलिकॉन ग्रीस लावा. चिरली असेल तर बदला. मनगटाला दोरी हवीच.

सगळं खरं असलं तरी, जोराचा उजेड अजिबात नको असंही मी म्हणत नाही. एक बटण दाबून दोन-तीन सेकंद मोठा झोत मारता आला पाहिजे. ओढा ओलांडायच्या आधी पलीकडचा काठ बघायला आणि वाटेवर पुढे काय आहे ते बघायला. पावसाच्या सुरुवातीला साप बाहेर असतात. मण्यार तर रात्रीच फिरते, घोणस आणि फुरसंही वाटेवर येतात. बेडकांचे, कोळ्यांचे डोळे बॅटरीत चमकतात; सापाचे तसे चमकत नाहीत, म्हणून चमक दिसेल या भरवशावर राहू नका. पाय टाकायच्या जागेवर उजेड, मगच पाय, आणि पायात गमबूट. बिळात हात घालायचा नाही, उजेड कितीही चांगला असला तरी. आणि पाणी एकदम गढूळ झालं किंवा ओढ्याचा आवाज बदलला, तर चिंबोऱ्या टाकून काठ चढा. वर डोंगरात पडलेल्या पावसाचा लोंढा कुठल्याच बॅटरीत आधी दिसत नाही.

शेवटी एक कडक गोष्ट. "मावशी, याच बॅटरीत ससा, डुक्कर पण दिसेल का?" असं विचारणारे दरवर्षी भेटतात. त्यांना मी बॅटरी सुचवत नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने ती शिकार गुन्हा आहे, आणि अभयारण्याच्या हद्दीत तर काहीच धरायचं नाही. उजेडाने दिपलेला ससा जागच्या जागी थिजतो. त्यावर बंदूक चालवण्यात मला कसलाही पराक्रम दिसत नाही. तीच गोष्ट मोठ्या बेडकांची. पहिल्या पावसात खाचरात नर हळदीसारखे पिवळे होतात, गळ्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या पिशव्या फुगवून ओरडतात. पायांसाठी त्यांना पूर्वी पोती भरभरून मारलं जाई. १९८७ मध्ये बेडकांच्या पायांची निर्यात देशाने बंद केली, तरी चोरून मारणं चालूच असतं. समुद्रावरही तोच लोभ आहे. प्रखर एलईडी लावून मासे गोळा करायच्या पद्धतीवर केंद्राने २०१७ मध्ये बंदी घातली, कारण त्या उजेडात लहान-मोठं सगळंच जाळ्यात येतं आणि किनाऱ्यालगतच्या लहान होडीवाल्याला मागे काही उरत नाही. आमच्या ओहोळावरही गेल्या काही वर्षांत मोठाले दिवे घेऊन रात्रीत पोती भरणारे येऊ लागलेत. घरात चार माणसं असतील तर चार माणसांच्या कालवणापुरत्या धरा. ज्याला एवढं मान्य आहे त्याला मी स्वतः वाट दाखवायला येईन.

तर घ्यायची ती अशी: एका १८६५० सेलची, ३०० ल्युमेनच्या आसपास तीन-चार तास चालणारी, पसरट झोताची, आयपीएक्स ७ किंवा ८. घरातली जुनी छोटी बॅटरी खिशात, जादा सेल झाकणाच्या डबीत. आणि सेल मृगाच्या आधीच चार्ज करून ठेवा. पहिल्या मोठ्या पावसाला गावची वीज जाते, ती दोन-दोन दिवस येत नाही, आणि चिंबोऱ्या नेमक्या त्याच रात्रींना निघतात.