कशासाठी करू प्रार्थना?

आमच्या चर्चच्या मंडळीतले आम्ही चार जण महिन्यातून एकदा गर्दीच्या जागी जाऊन उभे राहतो. दोन घडीच्या खुर्च्या आणि एक पुठ्ठा, त्यावर जाड मार्करने "तुमच्यासाठी प्रार्थना करू का?" एवढंच. पहिल्यांदा गेले तेव्हा पाय लटपटत होते, लोक हसतील म्हणून नाही हां, कुणी खरंच येऊन बसलं तर बोलायचं काय म्हणून.

तशी वेळ फार येत नाही म्हणा. पुठ्ठा वाचला की लोकांना एकदम मोबाईलमध्ये काहीतरी अर्जंट सापडतं. मला राग येत नाही, समोरून फॉर्म घेऊन कुणी आलं की मीही तेच करते.

खरी टोचणी वेगळीच आहे. चव्हाट्यावर उभं राहून लोकांना दिसेल अशी प्रार्थना करू नका, आपल्या खोलीत जा, दार लावा, हे स्वतः येशूनेच सांगितलंय, बायबलमध्ये, मत्तयच्या 6व्या अध्यायात. आणि आम्ही नेमके चव्हाट्यावर! चर्चच्या पाळकांना विचारलं तर म्हणाले, दिसावं म्हणून करतेस का ते तूच बघ. पटलं, अर्धंच.

उरलेलं अर्धं बायबलमधल्याच बार्तीमयने पटवलं. यरीहोच्या रस्त्याकडेला बसलेला आंधळा भिकारी, येशूला हाका मारतोय, लोक त्याला गप्प बस म्हणतायत, आणि येशू थांबून विचारतो, मी तुझ्यासाठी काय करू? आता समोर आंधळा उभा आहे, त्याला काय हवंय हे कळत नाही का? तरी विचारतो. मला वाटतं आमचं पण सगळं काम त्या विचारण्यातच आहे, आणि उत्तर येईपर्यंत तोंड बंद ठेवण्यात, जे मला घरी अजिबात जमत नाही.

माझा डॉक्टर भाचा 2006 सालचा तो अमेरिकेतला रिसर्च दर वेळी काढतो. बायपासचे 1802 पेशंट, आणि आपल्यासाठी प्रार्थना चाललीये हे ज्यांना पक्कं माहीत होतं त्यांच्यातच कॉम्प्लिकेशन जास्त, 59 टक्के, आणि ज्यांच्यासाठी केलीच नव्हती त्यांच्यात 51. मी वाद घालत नाही. फक्त त्याला म्हणते, अरे, प्रार्थना करणाऱ्यांकडे पेशंटचं नुसतं नाव आणि आडनावाचं पहिलं अक्षर होतं, शेजारी बसून तुला काय हवंय असं कुणी विचारलं होतं का? तो म्हणतो, मावशी, हे सायन्स नाही. नाहीच आहे. म्हणून तर गोळ्या बंद करा असं आमच्यात कुणी म्हणालं तर मी त्याच्या हातातला पुठ्ठाच काढून घेईन.

एकदा आमच्यातल्याच एकाने आमेन म्हणाल्या म्हणाल्या समोरच्या बाईंचा फोन नंबर मागितला. त्यांचा चेहरा असा मिटला, आत्ता तर डोळे पुसत होत्या. मला इतकी लाज वाटली की घरी येईपर्यंत मी त्याच्याशी बोललेच नाही. कुणी आपणहून येशूबद्दल विचारलं तर मी तासभर बोलेन, पण प्रार्थनेला गळ लावायचा नाही.

मागच्या वेळी एक आजोबा आले. बराच वेळ लांबून बघत होते, मग येऊन बसले, म्हणाले, "गुडघ्यासाठी करा." खांद्यावर हात ठेवू का विचारलं तर नको म्हणाले, ठेवला नाही. मी डोळे मिटून सुरुवात केली, दोन वाक्यं झाली नसतील तोच, "थांबा हो."

थांबले.

"गुडघ्याचं राहू द्या. भाऊ आहे माझा. अकरा वर्षं बोललो नाही." पुढे काही नाही. चूक कुणाची, भांडण कशावरून, काहीच नाही, नुसते टोपीची कड बोटांनी दाबत बसले. माझी पाठ केलेली वाक्यं सगळी गेली. कशीबशी एवढंच म्हणाले की प्रभू, ह्या दोघांपैकी कुणीतरी एक आधी बोलू दे. आमेन ते म्हणाले नाहीत.

मग दोन्ही हात गुडघ्यावर टेकून, कण्हत, हळूच उठले आणि म्हणाले, "ह्याचं पुढच्या महिन्यात बघू."