होटगी रोडच्या बाजूला हॅम रेडिओचा मास्ट: सगळं झालं, उंचीच्या दाखल्यावर अडलं

‘साइट एलेव्हेशन’ (जागेची उंची) हा एक रकाना नसता, तर हे लिहायची वेळच आली नसती. हॅम, म्हणजे हौशी रेडिओची परीक्षा, सरल संचार पोर्टलवरचा अर्ज, लायसन्स, कॉलसाइन (केंद्राचं ओळखनाव) हे सगळं बिनबोभाट पार पडतं. मास्टचं, म्हणजे अँटेनाच्या खांबाचं डिझाइन, स्ट्रक्चरल इंजिनिअरचा दाखला, तेही पैसे मोजले की मिळतं. गाडी रुतते ती विमानतळ प्राधिकरणाच्या उंचीच्या ना-हरकतीत, आणि तिथेही प्राधिकरणामुळे नाही, तर अर्जासोबत जोडायच्या सर्व्हेअरच्या दाखल्यामुळे.

सोलापूरकरांना हा विषय नवा नाही. होटगी रोडच्या विमानतळापायी सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे 90 मीटरची चिमणी 15 जून 2023 ला पाडली गेली, ते अख्ख्या गावाने पाहिलं. गच्चीवरचा सहा मीटरचा पाइप म्हणजे काही चिमणी नव्हे, पण नियम तोच: नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचे 2015 चे उंची-निर्बंध नियम. जुळे सोलापूर, विजापूर रोड, आसरा, मजरेवाडी, कुमठे ही सगळी वस्ती विमानतळाच्या अगदी जवळची. ना-हरकतीचा अर्ज ‘नोकास’ या ऑनलाइन प्रणालीवर भरायचा.

त्यात तीन गोष्टी नेमक्या लागतात. जागेचे अक्षांश-रेखांश, जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची आणि बांधकामाची जमिनीपासूनची उंची. शेवटच्या दोन्हींची बेरीज म्हणजे ‘टॉप एलेव्हेशन’, आणि मंजुरी मिळते ती याच आकड्याला.

घोळ होतो तो असा. अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस-84 या उपग्रह-मोजणीच्या पद्धतीत मागतात, जमिनीची उंची मात्र समुद्रसपाटीपासून. डीजीपीएस हे उपग्रहांवरून जागा मोजणारं यंत्र घेऊन येणारा सर्व्हेअर दोन्ही आकडे एकाच यंत्रातून उतरवतो आणि दोन्हींपुढे डब्ल्यूजीएस-84 लिहून सही-शिक्का मारून देतो. यंत्र मुळात जी उंची देतं ती पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची असते, समुद्रसपाटीपासूनची नव्हे. आपल्या भागात या दोहोंत साठ-सत्तर मीटरचा फरक पडतो आणि यंत्राचा आकडा कमी येतो. म्हणजे प्रत्यक्षात 462 मीटरवर असलेली जागा दाखल्यावर 392 च्या आसपास दिसते. त्यात घर आणि मास्ट मिळवा, तरी टोक धावपट्टीच्याही कितीतरी खाली! तपासणारा माणूस हे बघून अर्ज शंका काढून परत पाठवणार, नाहीतर काय करणार?

मला राग याचा आला, की शंका आल्यावर तोच सर्व्हेअर ‘आमचं यंत्र सेंटिमीटरपर्यंत अचूक आहे’ हे एकच वाक्य ऐकवत राहिला. यंत्र अचूकच असतं हो, पण मोजलं कुठून ते चुकलेलं असतं. त्याच यंत्राने पुन्हा मोजून पुन्हा तोच आकडा येतो, पुन्हा फी द्यावी लागते आणि अर्ज जिथल्या तिथे.

दाखला हातात घेण्याआधी एक साधी पडताळणी करा. सोलापूर स्टेशनच्या फलाटावरच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते, ती साडेचारशे मीटरच्या घरातली आहे. तुमच्या जागेचा आकडा तीनशे नव्वद-चारशे येत असेल तर तो लंबगोलाचा आहे, सही घेऊच नका. गावात उतार-चढाव आहेत, पण सत्तर मीटरचा खड्डा कुठेही नाही.

सर्व्हेअरला काम सांगतानाच ही वाक्यं लेखी द्या: उंची सर्व्हे ऑफ इंडियाच्या बेंचमार्कला (उंची ठरवून दिलेल्या पक्क्या खुणेला) जोडून हवी, दाखल्यावर ‘समुद्रसपाटीपासून’ हे शब्द हवेत, कोणता बेंचमार्क धरला तेही हवं. बेंचमार्कपासून ऑटो लेव्हल (दुर्बीण) आणि स्टाफ (उभी मोजपट्टी) घेऊन लेव्हल आणणारा जुना माणूस मिळाला तर सोन्याहून पिवळं. डीजीपीएसच वापरायचं असेल तर जिऑइडची, म्हणजे लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतल्या फरकाची, दुरुस्ती कोणत्या मॉडेलने केली ते दाखल्यात लिहून घ्या. उंची गच्चीवर नाही, जमिनीवर मोजायची. गच्चीवर यंत्र लावून तोच आकडा ‘साइट एलेव्हेशन’ म्हणून दिला की घराची उंची दोनदा धरली जाते.

अक्षांश-रेखांश अंश-मिनिट-सेकंदात द्यायचे, सेकंदाच्या एक दशांशापर्यंत. मोबाईलमधला 17.6599 हा आकडा म्हणजे 17 अंश 39 मिनिटं 35.6 सेकंद, 17 अंश 65 मिनिटं नव्हे. अक्षांशाचा एक सेकंद म्हणजे साधारण 31 मीटर. चार-पाच सेकंद चुकले की मास्ट नकाशावर भलत्याच गल्लीत जाऊन बसतो.

टोकाची उंची मोजताना हात आखडू नका. समजा जमीन 462, गच्ची 7 मीटर, मास्ट 6, त्यावरचा स्टब (छोटा पाइप) आणि व्हीएचएफची उभी अँटेना मिळून 2, वीजरोधकाची सळई अर्धा मीटर. टोक 477.5. सळई विसरली जाते हमखास, आणि उद्या कोणी मोजायला आलं तर तीच वर दिसते.

जास्त उंची मागायचा मोह टाळा, हे माझं स्पष्ट मत. 14 मेगाहर्ट्झवर अर्धी तरंगलांबी 10.6 मीटर. दुमजली घरावर सहा मीटरचा मास्ट म्हणजे जमिनीपासून 13 मीटर, यागीला, म्हणजे आडव्या नळ्यांच्या फिरत्या अँटेनाला, तेवढं पुरतं. 7 मेगाहर्ट्झसाठी सुमारे 20 मीटर तारेचा इन्व्हर्टेड व्ही (उलट्या व्हीच्या आकाराची अँटेना) त्याच मास्टवरून सोडता येतो. धावपट्टीच्या रेषेत राहत असाल तर आणखी सांभाळून: उपकरणांच्या साहाय्याने उतरायच्या मोठ्या धावपट्टीपुढचा उतरणीचा पट्टा 50 ला 1 या चढाने वर जातो, म्हणजे किलोमीटरभर पुढे तो जेमतेम 19-20 मीटरवर असतो. बाजूला राहणाऱ्यांना तेवढा त्रास नाही.

पालिकेकडे जायचं ते बांधकाम परवानगीसाठी. एमआरटीपी या राज्याच्या नगररचना कायद्यात ‘विकास’ या शब्दात इमारतीबरोबर अभियांत्रिकी कामंही येतात, त्यामुळे जमिनीत फाउंडेशन घालून जाळीचा टॉवर उभारणार असाल तर कलम 44 खाली रीतसर अर्ज करा. अर्जात ‘हौशी रेडिओ केंद्र, अव्यावसायिक’ ठळक लिहा आणि लायसन्सची प्रत लावा, नाहीतर फाइल मोबाईल टॉवरच्या गठ्ठ्यात जाते. लायसन्सवरचा पत्ता आणि मालमत्ता पत्रकावरचा पत्ता जुळायला हवा. गुंठेवारीच्या प्लॉटवर हे आधी निस्तरा.

अपार्टमेंटवाल्यांचं वेगळंच. गच्ची सामाईक, त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव हवा, सेक्रेटरीची तोंडी हो चालत नाही. वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते, विषय तिच्या अजेंड्यावर घाला. ती हुकली तर विशेष सभेसाठी एक पंचमांश सभासदांच्या सह्या गोळा करत बसावं लागतं.

शेजाऱ्यांची हरकत बहुधा उंचीला नसतेच, हवेत त्यांच्या हद्दीवर फिरणाऱ्या नळ्यांना असते. 14 मेगाहर्ट्झची तीन एलिमेंटची यागी फिरायला साडेपाच-सहा मीटरची त्रिज्या घेते. नऊ मीटर रुंदीच्या प्लॉटवर ती बाहेर जाणारच. तिथे हेक्सबीम ही कमी घेराची अँटेना लावा, सव्वातीन मीटरच्या आसपास भागतं. महावितरणची 11 केव्ही लाईन जवळ असेल तर मास्ट आडवा पडून अँटेनाचं टोक कुठवर जाईल ते मोजा. मास्टची उंची आणि फिरण्याची त्रिज्या यांच्या बेरजेपेक्षा लाईन लांब हवी.

मास्टला ताणून धरणाऱ्या गाय वायरचे अँकर कठड्यात ठोकू नका, विटांचा कठडा ओढीने उपटून येतो. कॉलमवर किंवा बीमवर घ्या, मास्टच्या उंचीच्या 60 ते 80 टक्के अंतरावर. चौकोनी गच्चीला चार वायरी सोयीच्या. बुलडॉग क्लॅम्प प्रत्येक टोकाला तीन, यू-बोल्टची बाजू वायरच्या मोकळ्या टोकावर. टर्नबकल (वायर ताणायचे स्क्रू) ताणून झाल्यावर त्यातून बारीक तार ओवून बांधा, वाऱ्याच्या थरथरीने ते आपोआप उलगडतात. आणि इंजिनिअरच्या दाखल्यात वाऱ्याचा भार आयएस 875 भाग 3 या भारतीय मानकाप्रमाणे धरल्याचा उल्लेख आहे ना, ते फी देण्याआधी वाचा.