पांढरं सॉसेज गुलाबी निघालं तेव्हा

क्राकोवजवळच्या एका लहान सॉसेज कारखान्यात मी मसाला आणि तापमानं सांभाळतो. ईस्टरच्या आठवड्यात इथे मान वर करायला फुरसत नसते, कारण शनिवारी चर्चमध्ये न्यायच्या टोपलीत आणि रविवारच्या झुरेक सुपात पांढरं सॉसेज लागतंच. गुरुवारी ५० किलोच्या घाण्यातला एक नमुना शिजवून कापला, तर आत करड्याऐवजी गुलाबी रंग.

मशीनवरचा सहकारी म्हणाला, "कच्चं राहिलंय." घाईत तो हेच म्हणतो. कच्चेपणाचा रंग तापवला की जातो. चकती ८० अंशांपर्यंत तापवली, रंग हलला नाही. म्हणजे नायट्राइट, मांस टिकवायला आणि गुलाबी ठेवायला घालतात तो क्षार, आणि पांढऱ्या सॉसेजात ते घालायचंच नसतं.

आमचं माप ५ किलोला असं: डुकराचा खांदा ३ किलो, पोटाकडचं चरबीचं मांस १ किलो, पायाचं शिरांचं मांस १ किलो. साधं मीठ ९० ग्रॅम, मिरी १२, लसूण २५, वाळलेला मरवा १० (हो, गजऱ्यात घालतात तोच). खांदा १० मिलिमीटरच्या जाळीतून, पोट ६ च्या, शिरांचं मांस ३ च्या जाळीतून दोनदा, आणि त्या लगद्यातच ४०० मिली बर्फगार पाणी जिरवायचं. बाकीचे तुकडे हा लगदाच धरून ठेवतो. दळताना मांस १२ अंशांच्या वर गेलं की चरबी सगळीकडे माखते, मिठाला प्रथिनं सुटी करता येत नाहीत आणि शिजल्यावर सॉसेजचा भुगा होतो. पातं बोथट असलं तरी तेच होतं. शीर पात्याला गुंडाळते आणि मांस कापलं न जाता चेंगरतं. धार लावायला पैसे काढताना आमच्या मालकाचा जीव जातो, हे जाता जाता.

पहिला संशय मिठाच्या पिशवीवर. पोलंडचं पेक्लोसुल म्हणजे ०.५ ते ०.६ टक्के सोडियम नायट्राइट मिसळलेलं मीठ. दिसायला साध्या मिठासारखंच पांढरं, आणि किलोला २० ग्रॅम घालतात. अमेरिकी क्युरिंग सॉल्ट नंबर १ मध्ये नायट्राइट ६.२५ टक्के असतं, म्हणून ते मुद्दाम गुलाबी रंगवतात आणि किलोला २.५ ग्रॅमच वापरतात. घरी करणाऱ्यांनी हे दोनदा वाचा: अमेरिकी मीठ पोलिश मापानं घातलं तर किलोमागे १,२५० मिलिग्रॅम नायट्राइट पोटात जाईल. ते विषच.

पण पिशवी बदलली असती तर रंग सगळीकडे सारखा आला असता. इथे लगदा पूर्ण गुलाबी, आणि खांद्याचे तुकडे कडेला गुलाबी, मध्ये करडे. शिवाय चव खारट. आदल्या दिवशी धुरी द्यायच्या सॉसेजसाठी पेक्लोसुल लावून ठेवलेला लगदा डब्यात उरला होता, तोच यात गेला. त्याचं मीठ धरून किलोला १८ ऐवजी २२ ग्रॅम झालं. डब्यावरची चिठ्ठी ओलीनं निघालेली.

"मग धुरीला लावू," सहकारी म्हणाला. अजिबात नाही. एकूण मांसात लगदा एक पंचमांश, म्हणजे नायट्राइट सरासरी किलोला २० ते २४ मिलिग्रॅम. रंग यायला ते पुरतं, पण ४०-५० अंशांच्या धुरात तासन्‌तास टांगलेल्या सॉसेजात बोट्युलिनमचा, म्हणजे जीवघेणी विषबाधा करणारा, जंतू रोखायला त्याच्यावर भरवसा ठेवता येत नाही. मालकाचं म्हणणं, रंगच तर आहे, कच्चंच विका. पण नायट्राइट नको म्हणूनच पांढरं घेणारी गिऱ्हाइकं आहेत, आणि लेबलवर ई २५० (सोडियम नायट्राइटचा क्रमांक) लिहिणं बंधनकारक आहे. बरीच घासाघीस झाल्यावर सगळं ८० अंशांच्या पाण्यात, आत ७२ होईपर्यंत शिजवलं आणि नवीन लेबल लावून स्वस्तात काढलं.

राहिला हिशेब. वहीत उरलेला लगदा १२ किलो लिहिलाय. आमच्या घाण्याला लागला १० किलो, आणि डबा तर रिकामा. २ किलो लगद्यात १० किलो पांढरं सॉसेज होतं, आणि बुधवारी संध्याकाळी दुकानात कच्चं सॉसेज गेलं होतं. मालक म्हणतो, फेकला असेल कुणीतरी. आमच्याकडे चरबीचा तुकडासुद्धा कुणी फेकत नाही.