सायबाच्या वाटेवर लाल-पिवळा झेंडा

नोव्हेंबर लागला की बेळगावात आमच्या दोन गोष्टी ठरलेल्या. एक तारखेला काळा दिन (बेळगाव कर्नाटकात गेल्याचा मराठी माणसांचा निषेध), आणि महिनाअखेरीस जुन्या गोव्याची पायी वाट. आम्ही कॅथलिक, घरात मराठी-कोकणी मिसळून चालते. त्यामुळे दंडाला काळी फीत बांधून मी सायकल फेरीतही असतो आणि 3 डिसेंबरच्या फेस्ताला संत फ्रान्सिस झेवियरच्या, आमच्या गोंयच्या सायबाच्या, दारातही. 1552 साली तो चीनच्या उंबऱ्यावर, एका बेटावर तापानं गेला. ज्या देशासाठी निघाला तिथं पोचलाच नाही.

खानापूरपर्यंत पाय तक्रार करत नाहीत. मलप्रभा ओलांडून गुंजी मागे पडली की खरी वारी सुरू होते.

आमच्यात एक बाई होत्या. नवऱ्याच्या आजारासाठी आंगवण, म्हणजे नवस, बोलून गेल्या वर्षी चाललेल्या. तो वाचला नाही. "मग यंदा कशाला आलात?" असं कुणीतरी विचारलंच (असला एक जण प्रत्येक जथ्यात असतो). "भांडायला," त्या म्हणाल्या आणि रोझारीचा पुढचा मणी ओढला. मला पटलं. दुःख म्हणजे देवाची परीक्षा, वगैरे प्रवचन अशा माणसाला ऐकवू नये. क्रुसावर येशूनंही "माझ्या देवा, तू मला का सोडलंस?" असंच विचारलं होतं.

लोंढ्याच्या अलीकडे माझ्या टाचेचा फोड फुटला आणि मोजा कातडीला चिकटला. मी मैलाच्या दगडावर बसलो. आमचे लोक नमान मारिये ही मारियेची प्रार्थना म्हणत पुढे निघून गेले. समोर एक लॉरी उभी होती, आरशाला कन्नडिगांचा लाल-पिवळा झेंडा बांधलेला. ड्रायव्हर स्टोव्हवर भात शिजवत होता. "बर्री," म्हणजे या, म्हणाला. मी गेलो नाही, तर तोच आला. मोजा कोमट मिठाच्या पाण्यानं भिजवून हळूहळू सोडवला, टाच पुसली, खोबरेल तेलात हळद कालवून लावली आणि धोतराच्या जुन्या फडक्याची पट्टी बांधली. दर साल सौंदत्तीला यल्लम्माला चालत जातो, म्हणून हे सगळं ठाऊक. हे त्यानं अर्ध्या कन्नडात, अर्ध्या मराठीत सांगितलं. पैसे पुढे केले तर भाताची ताटली हातात दिली.

शेजाऱ्यावर प्रीती करा, हे आम्ही लहानपणापासून ऐकतो, आणि दर वेळी स्वतःला मदत करणारा शोमरोनी समजूनच ऐकतो. बायबलात लूकच्या त्या गोष्टीत लुटारूंनी मारून वाटेवर टाकलेला, शोमरोन्यानं उचललेलाही एक जण आहे, हे फोड येईपर्यंत सुचत नाही. यहुदी आणि शोमरोनी यांचं वैर काही परक्यांचं नव्हतं. शेजारशेजारचे लोक, मूळ एक, भांडण कुठल्या डोंगरावर भजायचं याचं. म्हणूनच शेवटी "शेजारी कोण ठरला?" असं येशूनं विचारल्यावर गोष्ट ऐकणाऱ्या यहुदी शास्त्र्याच्या तोंडून 'शोमरोनी' हा शब्द निघाला नाही. "ज्यानं दया केली तो," एवढंच तो म्हणाला.

रात्री मुक्कामावर मीही "एका ड्रायव्हरनं पट्टी बांधली" एवढंच सांगितलं. झेंड्याचं नंतर निघालं. तेव्हा आमच्यातले एक वयस्कर काका म्हणाले, "एक चांगला भेटला म्हणून काय सीमाप्रश्न मिटला?" नाही मिटला. बसवरची पाटी मला अजूनही मराठीत हवी आहे, आणि येत्या एक नोव्हेंबरला मी फीत बांधणारच. फेरीत काही घोषणा हक्काच्या असतात, काही नुसत्या शिव्या. त्या दुसऱ्या प्रकाराला तोंड उघडेल असं वाटत नाही.